वॉल्टररावांची साखर

सुवर्णाकाकू घटाटे यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या मुलीमुळे. अनिका तेव्हा आठ महिन्यांची होती, माझी सुट्टी संपत आली होती, आणि अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातल्या डे-केअरच्या वेटिंग लिस्ट पाहून रडूच यायचं तेवढं बाकी होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी काकूंचा नंबर दिला. मी फोन केला, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "बाळ भात खातं का?"

मी म्हटलं, अजून सुरू केला नाही.

"मग आणा," काकू म्हणाल्या. जसं काही भात सुरू करून देणं एवढंच काय ते काम होतं.

अनिका आता मिडल स्कूलला जाते. मधल्या काळात काकू सत्तरीच्या पुढे गेल्या, गुडघे कुरकुरायला लागले, साखर तर आधीपासूनच होती. मुलं सांभाळणं त्यांनी बंद केलं, पण आमचं येणं-जाणं बंद झालं नाही. आठवड्यातून एकदा ऑफिसमधून परतताना मी त्यांच्याकडे डोकावते. त्या चहा करतात, स्वतःचा बिनसाखरेचा आणि माझा दीड चमचा घालून, आणि मी काही बोलायच्या आत म्हणतात, "तू दमलीस. आधी पी."

काकू मूळच्या यवतमाळच्या. त्यांचे यजमान, जगन्नाथकाका, ड्राफ्ट्समन होते. गाड्यांच्या पार्ट्सचे साचे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली म्हणून दोघं इकडे आले. मंदीच्या वर्षी ती कंपनी बंद पडली, पाठोपाठ घर गेलं, आणि पुढच्या वर्षी काकाही गेले. मूलबाळ नव्हतं. यवतमाळला परत जायचं, तर भावाच्या संसारात एका खोलीतली पाहुणी होऊन राहायचं, ते काकूंना नको होतं. "इथे मला कुणी विचारत नाही, जेवण एवढ्या उशिरा काहून केलं म्हणून," असं त्या सांगायच्या, आणि हे कारण त्यांना पुरेसं वाटायचं.

काकांच्या सोशल सिक्युरिटीतून येणारी छोटी रक्कम, त्यावर सरकार घालतं ती थोडी भर, औषधपाण्याला मेडिकेड, वाणसामानाला फूड स्टॅम्पचं कार्ड, आणि वयस्कर लोकांसाठीच्या अनुदानित इमारतीत एका बेडरूमचा फ्लॅट. काकूंचा संसार यावर चालतो. आमच्या मंडळात हा विषय निघाला की लोक आवाज खाली आणतात. घरटी दोन टेस्ला असलेल्या लोकांना आपल्यातलं कुणीतरी बेनिफिट्सवर राहतं हे कसं बोलावं ते कळत नाही. काकूंना मात्र तसलं काही वाटत नाही. भर शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर त्या ते कार्ड काढायच्या आणि खणखणीत आवाजात विचारायच्या, "रेशनकार्ड चालतं ना तुमच्याकडे?"

मी एकदा कानात म्हटलं, "काकू, जरा हळू."

"त्यात काय? यवतमाळला कलेक्टर ऑफिसातले लोकसुद्धा रेशनच्या रांगेत असायचे. पामतेल चांगलं यायचं तिथे."

त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये डोलोरेस नावाची पोलिश म्हातारी राहत होती. दोघी मिळून टीव्हीवरचे गेम शो बघायच्या. उत्तर डोलोरेसला आधी यायचं, पण आनंद काकूंना जास्त व्हायचा. डोलोरेसकडे एक जाडजूड केशरी बोका होता. त्याचं नाव वॉल्टर. ते तिच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव. नवऱ्याने जन्मात ऐकलं नाही, हा तरी ऐकेल म्हणून ठेवलं, असं ती सांगायची. तोही ऐकत नव्हताच.

एका हिवाळ्यात डोलोरेस पार्किंगमध्ये घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. मुलगा तिला ओहायोला घेऊन गेला. तिथल्या नर्सिंग होममध्ये मांजर चालत नव्हतं. निघायच्या दिवशी ती व्हीलचेअरवरून काकूंच्या दारात आली आणि तिथेच थांबून राहिली. मांडीवर बोका होता. शेवटी काकूंनीच तो उचलून घेतला.

"मी तिला म्हटलं, काळजी नको करू," काकूंनी मला नंतर सांगितलं. "आणि तिच्या नवऱ्याचं नाव आहे, नुसतं वॉल्टर वॉल्टर काय करायचं? मी राव लावलं."

तेव्हापासून ते वॉल्टरराव झाले.

काकूंनी वॉल्टररावांना आपल्या परीने उत्तम ठेवलं. स्वस्तातल्या दुकानातून कोरड्या खाण्याची मोठी पिशवी आणायची आणि वाडगा कायम भरलेला ठेवायचा. शिवाय संध्याकाळी दहीभात, दुपारी साय, आणि चहाच्या वेळी मारी बिस्किटाचा तुकडा. वॉल्टरराव आधीच गुबगुबीत होते, ते आणखी पसरले. सोफ्यावर बसले की पाय दिसायचे नाहीत. काकूंच्या जन्मात घरात अंडंसुद्धा फुटलेलं नव्हतं. मांजराला दुसरं काही लागत असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

गेल्या वर्षी पानं गळायला लागली तेव्हा मी गेले, तर काकूंनी चहा ठेवला नव्हता.

"राधिका, हा पाणी बघ किती पितो," त्या म्हणाल्या.

वॉल्टरराव स्वयंपाकघरात वाटीवर ओणवे झाले होते. प्यायले, थोडं चालले, परत येऊन प्यायले. अंग उतरलं होतं. चालताना मागचे पाय सपाट टेकत होते, माणूस टाचा टेकवून चालतो तसे.

"सारखी याच्या शी-शूची वाळू बदलावी लागते. खातो आणि वाळतो. मला हे सगळं माहीत आहे," काकू म्हणाल्या. "मला झालं होतं तेव्हा असंच. याला साखर आहे."

शनिवारी मी त्यांना जॉन आर रोडजवळच्या एका पशुवैद्यांकडे घेऊन गेले. जागा छान होती, कुत्र्यांसाठी पाण्याचं कारंजं वगैरे. काकूंचं निदान बरोबर निघालं. डॉक्टर भला माणूस होता, त्याने सगळं समजावून सांगितलं: दिवसातून दोनदा इन्सुलिन, आणखी तपासण्या, पहिले काही दिवस दवाखान्यात ठेवणं. मग त्याच्या असिस्टंटने खर्चाचा अंदाज छापून आणला. त्यातला आकडा काकूंच्या महिन्याच्या सगळ्या मिळकतीपेक्षा मोठा होता. काकूंनी तो नीट वाचला आणि घडी घातली.

डॉक्टर म्हणाला की प्रत्येकाला हे जमत नाही, त्यात कुणाचा दोष नसतो, आणि त्याला शांतपणे झोपवणं हाही एक पर्याय आहे.

"ही इज स्लीपिंग होल डे ओन्ली, डॉक्टर," काकू म्हणाल्या.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. काकूंनी वॉल्टररावांना आणलेल्या जाळीच्या पेटीचं दार लावलं, तपासणीचे पैसे स्वतःच्या पाकिटातून दिले आणि आम्ही बाहेर पडलो.

आम्ही गाडीत बसलो. मला वाटलं, डॉक्टरचं 'झोपवणं' म्हणजे इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणं, हे आता कसं समजावून सांगू.

"मला समजलं तो काय म्हणाला ते," काकूच म्हणाल्या. "इतकी वर्षं काढली इथे. पण मला साखर झाली तेव्हा माझ्या डॉक्टरने हा पर्याय नव्हता दिला."

मांडीवरच्या पेटीतून वॉल्टररावांनी एक बारीक आवाज काढला. काकूंनी जाळीतून बोट आत घातलं आणि घर येईपर्यंत तसंच ठेवलं.

मग सगळ्यांनी मदत करायला सुरुवात केली. पहिले यतीनकाका. हे हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर्ड, मनाने मोकळे. काकूंची तब्येत विचारायला अधूनमधून येतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सुवर्णाताई, तुमच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनची पेनं आहेत ना? तेच चालतं मांजरांनाही. त्याला लागणार कितीसं, एक थेंब. कोण बघतंय?"

"मी बघतेय की," काकू म्हणाल्या.

यतीनकाका हसले. काकू हसल्या नाहीत.

"ते मला म्हणून दिलंय, डॉक्टर. माझ्या नावावर येतं. त्यात वाटेकरी घेतला, तर महिनाअखेरीला माझं कमी पडणार. मग मी आजारी पडले तर याला कोण बघेल?"

यतीनकाकांनी ते कबूल केलं.

दुसरी मदत माझी. मी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. काकूंना सगळे ओळखतात, निम्म्या घरांतली मुलं त्यांच्या हातचा भात खाऊन वाढलेली. संध्याकाळपर्यंत एवढे पैसे कबूल झाले की डॉक्टरचा कागद पुरा होऊन वर उरले असते. मी दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहात सांगायला गेले.

काकूंनी कप खाली ठेवला. "माझ्या खात्यात काही टाकलं नाहीस ना?"

"नाही अजून. का?"

"माझ्याकडे काय येतं ते मला सरकारला सांगावं लागतं. जास्त आलं की तिकडून कापतात. एकदा कापलं की परत सुरळीत व्हायला फोनवर दिवस जातात."

"मग आम्ही डायरेक्ट डॉक्टरांना देतो."

"या महिन्याला द्याल. पुढच्या?" त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "त्याला रोज टोचायचं आहे, राधिका. रोजच्या गोष्टीला वर्गणी चालत नाही. वर्गणी गणपतीला काढावी, दहा दिवसांत आटोपतं."

मला थोडा राग आला होता, हे खरं. मला वाटलं, आता ही बाई नुसती अडून बसणार. पण काकू अडून बसलेल्या नव्हत्या. त्या शोधत होत्या, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे जो भेटेल त्याला विचारत. बसच्या ड्रायव्हरला विचारलं, औषधांच्या दुकानात विचारलं, देवळात गुरुजींना विचारलं. शेवटी पत्ता लागला तो इमारतीच्या लाँड्रीरूममध्ये. वरच्या मजल्यावरच्या एका बाईने कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, जवळच्या पाँटिअॅक गावात, पूर्वी कार्पेटचं दुकान होतं त्या जागेत, जनावरांचा दवाखाना आहे. देणग्यांवर चालतो. बेनिफिट्सचं कार्ड दाखवलं की फी अगदी थोडी. तिचा स्वतःचा कुत्राही तिथेच जातो.

काकूंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. "अगं, रेशनकार्डावर दवाखाना आहे!"

आम्ही गेलो त्या दिवशी बारीक बर्फ पडत होतं. दार उघडायच्या आधीच रांग लागली होती. काकू सहावारीवर लांब जाड कोट, पायात बर्फाचे बूट आणि डोक्याला मफलर अशा उभ्या. पुढे तीन पायांचा कुत्रा घेऊन आलेला एक माणूस होता, मागे एक मुलगी, तिच्या जॅकेटमधून सशाचे कान बाहेर डोकावत होते. मी गाडीत बसू या म्हटलं तर काकू ऐकेनात. थोड्या वेळाने पाहिलं, तर त्यांनी तीन पायांच्या कुत्र्याची हकीकत काढून घेतली होती आणि सशाला डायबेटिस होतो का यावर चर्चा चालली होती. दवाखान्यांच्या वेटिंग रूममध्ये मी इतकी माणसं इतकी बोलताना कधी पाहिली नाहीत. इथे कुणाला लपवायचं काही नव्हतं. सगळे एकाच कारणाने आलेले होते.

आतल्या टेबलावर काकूंनी कार्ड पुढे केलं. पलीकडच्या मुलीने ते पाहिलं, मान डोलावली, वॉल्टरचं वय विचारलं. बस. मी माझं क्रेडिट कार्ड पर्समध्ये परत ठेवलं.

डॉक्टर तरुण होती, नायजेरियन, ओकाफोर आडनावाची. तिने वॉल्टररावांना तपासलं, त्यांच्या मागच्या पायांवरून हात फिरवला आणि विचारलं, हा खातो काय?

काकूंनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. कोरडं खाणं, साय, बिस्किट, भात.

"भात?" डॉक्टर ओकाफोर म्हणाली.

"विथ योगर्ट. लिटल सॉल्ट."

डॉक्टरने हसू दाबलं, ते मला दिसलं. मग ती खुर्ची ओढून काकूंसमोर बसली. मांजराला मांस लागतं, ती म्हणाली. भात, बिस्किटं आणि हे स्वस्तातलं कोरडं खाणं, यातून त्याच्या पोटात नुसती साखर जाते. इन्सुलिन तर द्यावं लागेलच, पण त्याबरोबर खाणं पूर्ण बदललं, डब्यातलं ओलं मांस तेवढं ठेवलं, तर काही मांजरांची साखर पूर्ण जाते. "मी शब्द देत नाही. पण असं होतं."

"पूर्ण जाते?" काकूंनी विचारलं.

"काहींची."

"अँड पीपल?"

"ते तुमच्या डॉक्टरांना विचारा," ती म्हणाली, आणि आता मात्र खुल्या मनाने हसली.

फूड स्टॅम्पच्या कार्डावर जनावरांचं खाणं मिळत नाही. पण त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत लोकांनी दान केलेल्या खाण्याची मांडणी होती. तिथून आम्हाला खोकंभर डबे मिळाले: चिकन, टर्की, मासे. काकूंनी खोक्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "डिक्कीत ठेव."

पहिला डबा उघडायला मी थांबले होते. काकूंनी खास त्यासाठी एक जुना काटा, एक जुनी बशी बाजूला काढली, जागा गॅलरीच्या दाराशी ठरवली, पदर नाकाला लावला आणि मला म्हणाल्या, "तू उघड." मी डबा उघडला. वास आला. काकू दोन पावलं मागे सरकल्या.

वॉल्टरराव सोफ्यावरून उतरले. इतके दिवस ओढत चालणारा तो बोका जवळजवळ धावत आला आणि बशीवर तुटून पडला. खाताना घशातून घर्रघर्र आवाज काढत होता. बशी चाटून पुसून झाल्यावर त्याने वर पाहिलं.

काकूंच्या हातातला पदर खाली आला होता.

"उपाशी होतं गं हे," त्या म्हणाल्या. "मी आपली पोटभर भात घालतेय, आणि हे उपाशीच."

त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, काकू, तुम्हाला काय माहीत. त्यांनी मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या आणि बशी स्वतः उचलली. संध्याकाळचा डबा त्यांनी स्वतःच उघडला. नंतर मला सांगितलं, "मी त्यांना म्हटलं, वॉल्टरराव, तुमचं पान वेगळं, माझं पान वेगळं. दोघांनी आपापलं जेवायचं."

इन्सुलिनची चिठ्ठी औषधांच्या दुकानात गेली. इथे जनावराच्या नावापुढे मालकाचं आडनाव लावतात. त्यामुळे काउंटरवरच्या पोराने मोठ्याने पुकारा केला, "वॉल्टर घटाटे!" काकू पुढे झाल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, मिस्टर घटाटे स्वतः आलेत का?

"ही डझंट ड्राइव्ह," काकू म्हणाल्या.

त्या इन्सुलिनचे पैसे मात्र त्यांना दरमहा लागणार होते. त्यांनी मराठी चॅनेलचं पॅकेज बंद केलं. मला वाईट वाटलं, कारण दुपारच्या मालिका म्हणजे त्यांचा विरंगुळा. मी म्हटलं, माझा पासवर्ड घ्या. "नको," त्या म्हणाल्या. "त्या मालिकेतल्या सासवा काही सुधारत नाहीत आणि सुना काही शिकत नाहीत. दिवस मोकळा झाला माझा."

टोचण्यात काकूंचा हात बसलेला होता. आधी स्वतःचं, मग वॉल्टररावांचं, असा क्रम ठरला. सकाळी देवासमोर दिवा लावला की दोघांची साखर बघायची. काकूंची बोटाच्या टोकावर, वॉल्टररावांची कानाच्या कडेला. मग त्यांना डबा, काकूंना पोहे किंवा भाकरी. त्यांच्या वेळा पाळायच्या म्हणून काकूंनाही स्वतःच्या वेळा पाळाव्या लागल्या. पूर्वी दुपारचं जेवण कधी तीनला, कधी नाहीच, असं चालायचं. आता नेमानं व्हायला लागलं. काकूंच्या डॉक्टरने पुढच्या तपासणीत विचारलं, काय बदल केलात? काकू म्हणाल्या, "आय गॉट अ रूममेट."

डिसेंबरात एका सकाळी माझा फोन वाजला. मी मीटिंगमध्ये होते.

"राधिका, हे वेडेवाकडे चालताहेत. भिंतीला आपटले." काकू एका दमात सांगत होत्या. "साखर उतरली आहे खूप. मी हिरड्यांना सिरप लावलंय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं. ते माझा हात चावत नाहीयेत, म्हणून भीती वाटते."

मी लॅपटॉप तसाच टाकून निघाले. पोचले तेव्हा काकू जमिनीवर बसलेल्या होत्या, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले वॉल्टरराव, आणि त्यांच्या मिशांना मक्याचं सिरप चिकटलेलं. मी काही विचारायच्या आत वॉल्टररावांनी डोकं वर केलं आणि काकूंच्या बोटाला करकचून दात लावले.

"चावले!" काकू ओरडल्या. "अगं, चावले बघ!" आणि त्या हसता हसता रडायला लागल्या.

आम्ही डॉक्टर ओकाफोरला फोन केला. तिने लगेच रांगेत मध्येच घुसवून बोलावलं, तपासलं, आणि म्हणाली की हे घाबरण्यासारखं असलं तरी वाईट लक्षण नाही. त्याच्या शरीराला आता बाहेरचं इन्सुलिन जड होऊ लागलंय. तिने डोस कमी केला. पुढे आणखी कमी केला. जानेवारीत एके दिवशी तो बंदच केला आणि सांगितलं, नुसती साखर बघत राहा.

साखर वर गेली नाही. मागचे पाय हळूहळू उचलले जायला लागले. वॉल्टरराव पुन्हा सोफ्याच्या पाठीवर चढून बसले, तेव्हा काकूंनी मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "त्यांची गेली. माझी आहे तिथेच. देवाचा न्याय." त्यापुढे हसणारा चेहरा.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. काकू आल्या, नव्या काळ्या साडीत. सगळ्या वॉल्टररावांबद्दल विचारत होत्या आणि काकू रंगवून सांगत होत्या. एक बाई, नव्यानेच इथे आलेली, वाईट नव्हे पण फटकळ, म्हणाली, "पण काकू, म्हणजे, राग मानू नका हं. सरकारी पैशावर राहायचं आणि वर मांजर पाळायचं, हे जरा..."

मी वाण वाटता वाटता थांबले.

"राग कसला?" काकू म्हणाल्या. "बरोबर आहे तुझं. सरकारी पैशावरच राहते मी. पण बेटा, मांजर नसतं तर सरकारने माझे पैसे वाढवले नसते, आणि आहे म्हणून कमीही केले नाहीत. फरक एवढाच, की मांजर आहे म्हणून मी सकाळी बिछान्यातून उठते. गुडघे नको म्हणतात, तरी उठते. घे, तिळगूळ घे."

तिने घेतला. नंतर स्वयंपाकघरात ती काकूंना विचारत होती, तिच्या आईलाही साखर आहे, इकडे आल्यावर तिने काय काय पथ्य पाळावं. काकू सांगत होत्या, भिंतीला टेकून, बराच वेळ.

त्या दवाखान्याशी काकूंचं नातं इन्सुलिन थांबल्यावरही सुटलं नाही. डॉक्टर ओकाफोरने त्यांना एकदा विचारलं, ज्यांच्या जनावरांना नव्याने साखर निघते त्यांना टोचायला शिकवाल का? लोक फार घाबरतात, आणि माझ्याकडे वेळ नसतो. काकूंनी लगेच हो म्हटलं. आता महिन्यातून एका शनिवारी मी त्यांना पाँटिअॅकला सोडते. कधी मी लॅपटॉप घेऊन तिथेच कोपऱ्यात बसते. खुर्च्या कडक आहेत, कॉफी वाईट आहे, पण तिथे बसायला मला आवडतं.

या एप्रिलमधली गोष्ट. एक आडदांड माणूस आला होता, रे नावाचा. पूर्वी ट्रक चालवायचा, पाठ गेल्यापासून डिसॅबिलिटीच्या सरकारी भत्त्यावर. दोन्ही दंडांवर गोंदलेलं, दाढी छातीपर्यंत, आणि कुशीत एक छोटीशी चिवावा कुत्री. तिचं नाव प्रिन्सेस. सरावासाठी नुसतं सलाइन भरलेली सिरिंज त्याच्या हातात होती, आणि तो ती कुत्रीजवळ नेऊन पुन्हा मागे घेत होता.

"मला नाही जमणार, मॅडम," तो काकूंना म्हणाला. "तिला दुखेल."

काकू त्याच्या कंबरेच्या वर जेमतेम येत होत्या. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. स्वतःच्या दंडावरची कातडी चिमटीत धरून दाखवली. "सी? लाइक टेंट. नीडल गोज इन टेंट." मग प्रिन्सेसच्या मानेवर त्याचा हात धरून तशीच चिमूट करवली. "डॉग इज नॉट अफ्रेड. यू आर अफ्रेड. शी लुक्स अॅट यू अँड देन शी इज अफ्रेड. सो, फर्स्ट यू ब्रीद."

त्याने मोठा श्वास घेतला. सगळी वेटिंग रूम आपापलं काम सोडून बघत होती. मीही.

"नाउ टॉक टू हर."

"काय बोलू?"

"एनीथिंग. व्हॉट यू एट."

तो तिला सांगायला लागला, सकाळी पॅनकेक खाल्ले, दोन तुझ्यासाठी ठेवले होते, पण आता डॉक्टर नाही म्हणते. बोलता बोलता त्याने सुई आत घातली, दांडा दाबला आणि बाहेर काढली. प्रिन्सेस जांभई देत होती.

"झालं?" त्याने विचारलं.

"फिनिश."

रेने सिरिंज टेबलावर ठेवली. मग त्याने दाढीवरून हात फिरवला, सामान गोळा केलं, कुत्रीला जॅकेटमध्ये घातलं. दारापाशी जाऊन परत वळला आणि विचारलं, काही अडलं तर पुढच्या महिन्यात तुम्ही इथे असाल का?

काकूंच्या समोर तोवर एक बाई आणि तिचं पांढरं मांजर येऊन बसलं होतं. त्या घाईत मराठीतच म्हणाल्या, "असेन की. जाणार कुठे?"

त्याला ते कळलं असावं, कारण तो हसला, आणि खांद्याने दार ढकलून बाहेर उन्हात गेला.